विक्रीआधीची तीन वर्षे आणि नंतरची तीस

कोल्हापूर-सांगलीच्या उसाला जो पोटॅश घालतात तो जवळपास सगळा आपण परदेशातून आणतो, आणि तो पुरवणाऱ्या देशांत कॅनडा वरच्या रांगेत आहे. आयात मसुरीचेही तसेच. या दोन्ही मालांचा तिकडचा पत्ता मुख्यतः एकच, सास्काचेवान. या प्रांताला समुद्र नाही. खाणीतला पोटॅश असो की शेतातली मसूर, व्हँकुव्हरच्या धक्क्यावर पोचायचे तर रॉकी पर्वत ओलांडून दीड हजार किलोमीटरहून लांबची वाट धरावी लागते. एवढा अवजड माल इतक्या लांब रेल्वेशिवाय परवडत नाही, आणि ती रेल्वे दोनपैकी एका कंपनीची असते. त्यातल्या एका कंपनीबद्दल हे पुस्तक आहे. कॅनेडियन नॅशनल, रोजच्या बोलण्यात सीएन, ही १९९५ पर्यंत सरकारी मालकीची, कर्जात रुतलेली आणि स्वतः सरकारलाही नकोशी झालेली रेल्वे होती. आज तिचे सुमारे ३२ हजार किलोमीटरचे जाळे अटलांटिक, पॅसिफिक आणि मेक्सिकोचे आखात अशा तीन किनाऱ्यांना टेकते, आणि उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत फायदेशीर रेल्वे कंपन्यांत ती मोजली जाते.

मराठीत रेल्वेविषयी लिहिले गेले आहे ते बहुतेक प्रवाशाच्या खिडकीतून. मालगाडी म्हणजे आपल्याला फाटकावर खोळंबवणारी लांबलचक कटकट. तिच्यात काय भरले आहे, भाडे कोण ठरवतो, वाघीण रिकामी परत गेली तर भुर्दंड कुणाला, हे प्रश्न आपल्या लिखाणात फारसे येत नाहीत. त्यातून ‘खासगीकरण’ हा शब्द निघाला की चर्चा आकड्यांवरून श्रद्धेवर जाते. एका बाजूला ‘सरकारने धंदा करूच नये’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘देशाची मालमत्ता फुंकून टाकली’ म्हणणारे. सीएनची हकिगत दोघांनाही गैरसोयीची आहे, आणि म्हणूनच ती मराठीत यायला हवी होती.

नवख्या वाचकाने आधी रेल्वेच्या धंद्याची एक खोड समजून घ्यावी. रूळ, पूल, बोगदे, सिग्नल यांचा खर्च गाडी धावो न धावो, होतच राहतो. एकदा तो केला की आणखी एक वाघीण जोडायला फारसे काही लागत नाही. त्यामुळे एकाच वाटेवर दोन कंपन्यांनी दोन रूळ टाकले तर बहुधा दोघी बुडतात, आणि एकच राहिली तर तिच्या वाटेवरचा गिऱ्हाईक तिच्या मुठीत जातो. सीमेंटचा कारखाना काही उचलून दुसऱ्या रेल्वेच्या काठी नेता येत नाही. मालभाड्यावर सरकारने अंकुश ठेवावा की नाही, हा दीडशे वर्षांचा वाद याच खोडीतून निघालेला आहे. कॅनडात गव्हाचे भाडे १८९७ च्या क्रोज नेस्ट करारापासून ठरवून दिलेले होते, आणि ते इतकी वर्षे टिकले की प्रेअरीवरच्या शेतकऱ्याला तो आपला जन्मसिद्ध हक्क वाटू लागला. अमेरिकेत भाडे ठरवण्याचा अधिकार सरकारी आयोगाकडे होता. १९७० मध्ये पेन सेंट्रल ही बलाढ्य कंपनी दिवाळखोरीत गेली, पाठोपाठ इतर काही गेल्या, आणि शेवटी १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने कंपन्यांना बऱ्याच अंशी आपले भाडे आपण ठरवायची मोकळीक मिळाली. पुढे जे जे घडले त्याच्या मुळाशी हा कायदा आहे. मालकी बदलण्याआधी नियम बदलले होते, हे वाचकाने गाठीला बांधून ठेवावे.

मालवाहू रेल्वे खासगी हाती देण्याच्या ढोबळमानाने चार तऱ्हा जगात दिसतात. पहिली उत्तर अमेरिकी. रूळ, इंजिने, यार्ड, कर्मचारी असे सगळे एकत्र ठेवून संपूर्ण कंपनीच शेअर बाजारात विकायची. पेन सेंट्रलच्या अवशेषांतून अमेरिकी सरकारने उभी केलेली कॉनरेल १९८७ मध्ये अशीच विकली गेली, आणि सीएनचा नमुना तोच. दुसरी ब्रिटिश. तिथे १९९० च्या दशकात रूळ एका कंपनीला दिले, गाड्या दुसऱ्यांना. मालवाहतुकीचा मोठा भाग ईडब्ल्यूएस नावाच्या कंपनीकडे गेला, पण रुळांची मालक रेलट्रॅक काही वर्षांतच कोसळली आणि रूळ पुन्हा सार्वजनिक झाले. तिसरी लॅटिन अमेरिकेची. मालकी सरकारचीच, चालवण्याचा हक्क काही दशकांच्या करारावर कंपनीला. ब्राझील आणि मेक्सिको या वाटेने गेले. चौथी जपानची. तिथे १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे तुकडे करताना मालवाहतुकीची एक वेगळी कंपनी काढली, पण तिला बहुतेक ठिकाणी प्रवासी कंपन्यांच्या रुळांवरून भाडे देऊन जावे लागते, आणि ती आजही सरकारी मालकीचीच आहे. न्यूझीलंडची कथा या चारही चौकटींत धड बसत नाही. १९९३ मध्ये विकलेली रेल्वे त्यांनी २००८ मध्ये परत विकत घेतली.

आपल्याकडेही हा विषय परका नाही. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ज्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची, ती लंडनमध्ये नोंदलेली खासगी कंपनी होती. तिच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती, म्हणजे तोटा झाला तर तो रयतेच्या अंगावर. कापूस बंदरावर आणण्याची मँचेस्टरला घाई होती म्हणून ही व्यवस्था. १९२५ मध्ये सरकारने कारभार आपल्याकडे घेतला. आणि विदर्भातल्या वाचकाला यवतमाळ-अचलपूरची शकुंतला आठवेलच. रूळ खासगी कंपनीचे आणि गाडी सरकारी, असा तो अजब संसार स्वातंत्र्यानंतरही कैक वर्षे चालला. खासगी रेल्वेचा आपला अनुभव असा जुना आहे, आणि तो फारसा गोड नाही.

आता सीएनकडे. ही कंपनी कुणी हौसेने काढली नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडातल्या अनेक खासगी रेल्वे कंपन्या बुडीत निघाल्या. त्या बंद पडल्या तर त्यांना कर्जे देणाऱ्या बँकाही बुडतील आणि गावेच्या गावे तुटतील, म्हणून सरकारने १९१८ ते १९२३ या काळात त्या एकामागून एक पोटात घेतल्या. सुरुवातच अशी दुसऱ्यांच्या कर्जाने झाली. त्यात भर म्हणून राष्ट्रबांधणीची सगळी कामे तिच्या गळ्यात पडली. सीएनने हॉटेले बांधली, रेडिओ केंद्रे चालवली, १९३७ मध्ये विमान कंपनी काढली (तीच पुढे एअर कॅनडा झाली), बोटी चालवल्या, न्यूफाउंडलंड बेटावरची अरुंद रुळांची रेल्वे सांभाळली. टोरोंटोचा तो उंच सीएन टॉवरही तिचाच. शेजारी कॅनेडियन पॅसिफिक ही खासगी कंपनी नफ्याकडे लक्ष ठेवून होती, आणि सीएन मात्र कुठला फाटा बंद करायचा म्हटले की खासदारांच्या दारात उभी. सरकारी कंपनी अकार्यक्षम असते असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी. तिच्याकडून नेमके काय मागितले जात होते, हे ठरलेलेच नव्हते.

हे ओझे एका रात्रीत उतरले नाही, आणि ते उतरवले सरकारनेच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी गाड्या व्हिया रेल या वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेल्या. माझ्या मते संपूर्ण कहाणीतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि भारतीय वाचकाने तिथे जरा थांबावे. आपल्याकडे प्रवासी भाडे स्वस्त ठेवण्यासाठी कोळसा, सीमेंट, धान्य यांच्या भाड्यातून पैसा वळवला जातो. ही व्यवस्था योग्य की अयोग्य हा वेगळा प्रश्न, पण ती आहे तोवर मालवाहतुकीचा खरा नफा-तोटा कुणालाच कळत नाही. कॅनडाने हा गुंता विक्रीच्या जवळजवळ दोन दशके आधी सोडवला. १९८८ मध्ये हॉटेले गेली, त्याच सुमारास एअर कॅनडाचे शेअर विक्रीला निघाले, न्यूफाउंडलंडची रेल्वे बंद झाली.

१९९२ मध्ये पॉल टेलिए सीएनचे प्रमुख झाले. ते रेल्वेतले नव्हते. आपल्याकडच्या कॅबिनेट सचिवाच्या तोडीचे पद भूषवून आलेले सनदी अधिकारी. पहिल्या तीन वर्षांत सुमारे ११ हजार नोकऱ्या कमी करायचे त्यांनी जाहीर केले. कॅनेडियन पॅसिफिकशी विलीनीकरणाची बोलणी झाली आणि फिसकटली. मार्च १९९५ मध्ये देशभर रेल्वे बंद पडली, तेव्हा संसदेने कायदा करून कामगारांना कामावर परत पाठवले. याच काळात सार्निया आणि पोर्ट ह्यूरन यांच्यामध्ये, सेंट क्लेअर नदीखाली, नवा बोगदा खोदला जात होता. तिथला जुना बोगदा १८९१ चा, एकावर एक कंटेनर रचलेली गाडी त्यातून जातच नसे. नवा बोगदा १९९५ मध्ये सुरू झाला. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार आदल्याच वर्षी लागू झाला होता. म्हणजे कंपनीला दक्षिणेकडचे दार उघडून देणारी गुंतवणूक ती सरकारी असतानाच झाली. खासगीकरणाच्या यशोगाथा सांगताना हा बोगदा हमखास विसरला जातो.

नोव्हेंबर १९९५ मध्ये विक्री झाली. सव्वादोन अब्ज कॅनेडियन डॉलरच्या आसपास रक्कम आली. कॅनडाच्या इतिहासात तोवर एवढी मोठी भागविक्री झालेली नव्हती. शेअर २७ डॉलरचा, पैसे दोन हप्त्यांत. सरकारने एकही शेअर स्वतःकडे ठेवला नाही. कायद्यात अटी मात्र घातल्या. कुणा एकाला १५ टक्क्यांहून अधिक हिस्सा घेता येणार नाही, मुख्यालय मॉन्ट्रियलच्या परिसरातच राहील, दोन्ही राजभाषांचा कायदा लागू राहील. परदेशी मालकीवर मात्र वेगळी मर्यादा नव्हती, आणि बराच हिस्सा अमेरिकी गुंतवणूकदारांनी उचलला. राष्ट्रीय रेल्वे अमेरिकनांना विकली, असा ओरडा तेव्हा झाला. तो पूर्ण खोटा म्हणता येत नाही. त्याच वर्षी गव्हाच्या भाड्याला मिळणारे जुने अनुदानही संपले. बाजाराला नेमके काय विकले जात आहे, हे पाहायचे तर या सगळ्या तारखा एका कागदावर मांडून बघाव्यात. लेखिकेने तेच केले आहे.

विक्रीनंतरची वाढ मुख्यतः खरेदीतून झाली. १९९८ मध्ये इलिनॉय सेंट्रल ही शिकागोहून न्यू ऑर्लीन्सला जाणारी रेल्वे सुमारे २.४ अब्ज अमेरिकी डॉलरना घ्यायचे ठरले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकी नियामकाची मंजुरी मिळाली. पूर्व-पश्चिम पसरलेल्या जाळ्याला एकदम दक्षिणेचा पाय फुटला. या खरेदीबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे इलिनॉय सेंट्रलचे प्रमुख हंटर हॅरिसन. बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फेशी महाविलीनीकरणाचा बेत १९९९ च्या शेवटी जाहीर झाला, पण अमेरिकी नियामकाने अशा मोठ्या प्रस्तावांना काही काळ बंदीच घातली आणि तो बारगळला. मग २००१ मध्ये विस्कॉन्सिन सेंट्रल आली. गंमत अशी की या मध्यम आकाराच्या अमेरिकी कंपनीचा ब्रिटनच्या ईडब्ल्यूएसमध्ये मोठा हिस्सा होता. त्यामुळे कालपर्यंत कॅनडा सरकारची असलेली कंपनी ब्रिटनच्या खासगी मालगाड्यांची भागीदार झाली, आणि २००७ मध्ये ईडब्ल्यूएस गेली जर्मनीच्या सरकारी रेल्वेकडे. खासगीकरणाची वाट कुठून कुठे जाते त्याचा हा मासला.

हॅरिसन यांच्या पद्धतीला ‘ठरल्या वेळेची रेल्वे’ म्हणता येईल. ती समजायला एका वाघिणीचा पाठलाग करावा. ब्रिटिश कोलंबियातल्या करवत गिरणीत लाकूड भरलेली वाघीण टेनेसीतल्या मेम्फिसला जायची आहे. जुन्या पद्धतीत ती यार्डात येऊन उभी राहते, कारण इंजिनाच्या ताकदीइतका माल जमल्याशिवाय गाडी सोडायची नाही. गाडी भरते, निघते, पुढच्या यार्डात फुटते. वाघिणी टेकाडावरून एकेक सोडून वेगवेगळ्या रुळांवर लावल्या जातात, आणि पुन्हा वाट पाहणे सुरू. वाघिणीचा निम्म्याहून जास्त काळ असा उभ्यानेच जातो. यार्डमास्तरला विचारावे तर त्याचे काम चोख आहे, गाडी पूर्ण भरूनच सुटली. हॅरिसन म्हणाले, गाडी मोजू नका, वाघीण मोजा. प्रत्येक वाघिणीचे वेळापत्रक हवे. गाडी अर्धी भरली असली तरी वेळेवर निघाली पाहिजे. यार्डांतले थांबे कमी करा, गिऱ्हाइकाला आठवड्याचे सातही दिवस माल भरायला लावा, आणि त्याने वाघीण अडवून ठेवली तर दंड घ्या. वाघिणी लवकर फिरल्या की कमी वाघिणी लागतात, कमी इंजिने लागतात, यार्ड बंद करता येतात. शंभर रुपये कमवायला किती खर्च येतो याचा आकडा, ज्याला रेल्वेवाले ऑपरेटिंग रेशो म्हणतात, तो नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नव्वदीच्या पार होता. नव्या शतकात शिरताना तो सत्तरच्या आसपास आला, आणि पुढे आणखी खाली गेला. नंतर कॅनेडियन पॅसिफिकने आणि मग अमेरिकेतल्या सीएसएक्सने खुद्द हॅरिसन यांनाच उचलले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत ही पद्धत उत्तर अमेरिकेत बहुतेकांनी स्वीकारली.

या आकड्याला दुसरी बाजू आहे, आणि ब्रिटिश कोलंबियाइतकी ती कुठेच स्पष्ट दिसत नाही. बीसी रेल ही त्या प्रांताची स्वतःची रेल्वे. ती विकणार नाही, असे आश्वासन २००१ च्या निवडणुकीत देणाऱ्या सरकारनेच २००४ मध्ये ती एक अब्ज डॉलरना सीएनला दिली. रूळ ज्या जमिनीवर आहेत ती प्रांताकडे ठेवली, म्हणून हा ‘भाडेपट्टा’, पण मुदतवाढी धरता तो नऊशे नव्वद वर्षांपर्यंत जाणारा. लिलाव प्रक्रियेची गुप्त माहिती फोडल्याच्या प्रकरणात पोलिसांनी २००३ च्या डिसेंबरात थेट विधानभवनातल्या कार्यालयांवर छापे घातले होते, आणि २०१० मध्ये मंत्र्यांच्या दोन माजी सहायकांनी गुन्हा कबूल केला. मधल्या काळात, ऑगस्ट २००५ मध्ये, त्याच डोंगरी मार्गावर १४४ वाघिणींची एक गाडी चेकामस नदीजवळ घसरली. एक टँकर फुटून सुमारे ४० हजार लिटर कॉस्टिक सोडा नदीत गेला आणि पाच लाखांहून अधिक मासे मेले. तीव्र वळणांच्या चढावर एवढी लांब गाडी, बहुतेक वाघिणी रिकाम्या, हा प्रकार चौकशीत मुख्य ठरला. सपाट प्रेअरीवर लांब गाडी हे कौशल्य असते, घाटात ती भानगड होते. कर्जत-लोणावळ्याच्या दरम्यान जोड इंजिने लागताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्यांची तक्रार निराळी. २०१३ मध्ये प्रेअरीवर विक्रमी पीक आले आणि पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा. थंडीत ब्रेकच्या हवेच्या नळ्या दगा देतात म्हणून गाड्या आखूड कराव्या लागतात, हे खरे. पण काटेकोर हिशेबाने वाघिणी आणि इंजिने कमी करत नेलेल्या रेल्वेकडे अशा वर्षासाठी जास्तीचे काही शिल्लकच नव्हते, हेही खरे. धान्य कोठारांत अडकले, बंदरात जहाजे ताटकळली. मार्च २०१४ मध्ये सरकारने दोन्ही कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी किमान पाच लाख टन धान्य हलवण्याचा हुकूम काढला. एकोणीस वर्षांपूर्वी ज्या सरकारने रेल्वेतून अंग काढून घेतले होते, तेच पुन्हा वाघिणी मोजायला बसले. दोन्ही कंपन्यांनी एकाच दिवशी टाळेबंदी केली तेव्हा, म्हणजे २२ ऑगस्ट २०२४ ला, पुन्हा हेच झाले. नऊ हजारांवर कामगार बाहेर होते, आणि काही तासांतच सरकारने लवादाचा मार्ग धरला. सगळ्या देशाचा माल ज्याच्या रुळांवर आहे त्याला सरकार मोकळे सोडू शकत नाही, मालक कुणीही असो.

आपल्याला हे आत्ता का वाचायचे? जवाहरलाल नेहरू बंदरापासून दादरीपर्यंतचा स्वतंत्र मालवाहू मार्ग हे देशाचे मोठे काम आहे. कंटेनर गाड्या चालवायला खासगी कंपन्यांना २००६ पासूनच मुभा आहे. कंटेनर कॉर्पोरेशन, म्हणजे कॉनकॉर, या सरकारी कंपनीतला ३०.८ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह विकायला केंद्राने २०१९ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, पण विक्रीचे घोडे पेंड खात राहिले. रेल्वेच्या जमिनीचे भाडे किती, हा प्रश्न आडवा आला. म्हणजे विक्रीआधी जे मिटवायचे तेच मिटले नव्हते. आणखी एक दुवा उरणच्या वाचकासाठी. न्हावा-शेवाचे पहिले खासगी टर्मिनल ज्या डीपी वर्ल्डकडे आहे, तिनेच २०१५ मध्ये प्रिन्स रुपर्टचे कंटेनर टर्मिनल घेतले. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर असलेल्या या बंदराला रेल्वे एकच आहे, सीएनची.

लेखिका रेल्वेच्या हिशेबखात्यात काम केलेल्या आहेत, आणि ते पानोपानी जाणवते. त्यांना घोषणांपेक्षा ताळेबंदात रस आहे. कंपनीचे चरित्र लिहिणारे सहसा प्रमुखांच्या मागे धावतात. इथे टेलिए आणि हॅरिसन आहेत, पण यार्डातला शंटर, प्रेअरीवरचे बंद पडलेले फाटे आणि भाड्याचे तक्ते यांना जास्त जागा मिळाली आहे. शब्दांच्या बाबतीत त्यांनी सोवळे पाळले नाही. वाघीण, यार्ड, शंटिंग, साइडिंग हे आपल्या रेल्वेतले चालू शब्द तसेच ठेवले आहेत. मला एक उणीव वाटते. मूळ रहिवाशांच्या जमिनींतून गेलेल्या रुळांचा प्रश्न, जो २०२० च्या आंदोलनांत पूर्व कॅनडातली वाहतूक थांबवण्यापर्यंत गेला, तो इथे ओझरता येतो. कॅनसस सिटी सदर्न ही कंपनी २०२१ मध्ये सीएनच्या हातून निसटून कॅनेडियन पॅसिफिककडे कशी गेली, हा भाग मात्र एखाद्या लिलावासारखा रंगला आहे, आणि जास्त बोली लावूनही कोणी का हरतो हे त्यातून नीट कळते.

ज्यांना अर्थशास्त्राची धास्ती वाटते त्यांनी भाडेनिश्चितीचा भाग पहिल्या वाचनात खुशाल ओलांडावा. बीसी रेलच्या भागापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. तिथे राजकारण आहे, नदी आहे, कोर्ट आहे, आणि आकडे थोडे आहेत. मग मागे येऊन १९९२ ते १९९५ ची तीन वर्षे सावकाश वाचावीत, शक्यतो पुस्तकाच्या शेवटी दिलेला नकाशा समोर उघडा ठेवून.